फोर्ड मॉडेल टी : एका फ्लायव्हीलवर रचलेली मोटार

उलटा पाना (धागाकर्ता)

मॉडेल टीचा विषय निघाला की बोलणे लगेच हायलँड पार्क कारखान्यातल्या सरकत्या जुळणीकडे, 1914 सालच्या पाच डॉलर रोजाकडे आणि काळ्या रंगाकडे वळते. गाडीच्या बॉनेटखाली आणि पायाखालच्या लाकडी फळ्यांखाली नेमके काय होते, हा प्रश्न मागेच राहतो. या धाग्यात फक्त यंत्ररचनेबद्दल लिहावे अशी विनंती आहे. हेन्री फोर्ड माणूस म्हणून कसा होता, यावर कोणाला वेगळा धागा काढायचा असेल तर तिथे मीही येईन.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही गाडी साधी म्हणून ओळखली जाते, पण तिचे साधेपण काटकसरीतून आपोआप आलेले नाही. एकेका भागाला दोन-दोन, तीन-तीन कामे लावली, म्हणून बाकीचे भाग लागले नाहीत, आणि ही कामे लावताना डोके भरपूर खर्च झालेले दिसते. याचा सगळ्यात ठसठशीत नमुना म्हणजे तिचे फ्लायव्हील, इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणारे जड चाक.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवरील कारखान्यात तिसऱ्या मजल्याचा एक कोपरा भिंत घालून वेगळा केला होता. तिथे हंगेरीहून आलेला जोसेफ गलांब फळ्यावर खडूने भागांची चित्रे काढी आणि फोर्ड आपल्या आईच्या झुलत्या खुर्चीत बसून ती पाहत असे. चाइल्ड हॅरल्ड विल्सकडे पोलादाचा विषय होता आणि 'स्पायडर' हफकडे विजेचा. 1 ऑक्टोबर 1908 रोजी गाडी बाजारात आली आणि मे 1927 पर्यंत, दीड कोटीहून अधिक गाड्या निघेपर्यंत, तिचा मूळ सांगाडा बदलला नाही.

इंजिनात चार सिलिंडर एका ओळीत आहेत. प्रत्येकाचा व्यास 3¾ इंच आणि दट्ट्याची धाव 4 इंच, म्हणजे एकूण 177 घनइंच किंवा जवळजवळ 2.9 लिटर. एवढ्या मोठ्या इंजिनातून मिळत होती फक्त 20 अश्वशक्ती. आपल्या मारुती 800 चे इंजिन याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान होते आणि तरी 37 अश्वशक्ती देत होते. मात्र मॉडेल टीच्या सिलिंडरात हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबण्याचे प्रमाण साडेचारास एक, आणि पुढे पुढे तर चारास एकच्या जवळ ठेवलेला होता. त्यामुळे मिळेल ते पेट्रोल तिला चाले आणि माणसाच्या हाताने हँडल मारून ती चालूही होई.

आता फ्लायव्हीलकडे येतो. त्याचे पहिले काम सर्वांना ठाऊक आहे: इंजिनाच्या फेरीतले हिसके गिळून गती सारखी ठेवणे. दुसरे काम विजेचे आहे. त्याच्या पुढच्या तोंडावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे 16 कायम चुंबक बोल्टने बसवलेले आहेत आणि त्यांच्यासमोर जेमतेम एक मिलिमीटर फट ठेवून 16 गुंडाळ्यांचे कडे इंजिनाला घट्ट बांधलेले आहे. फ्लायव्हील फिरले की कड्यात वीज तयार होते. ज्यांनी बजाज स्कूटरचा मॅग्नेटो उघडून पाहिला असेल, त्यांना हे ओळखीचे वाटेल. ही वीज डॅशबोर्डवरच्या लाकडी पेटीतल्या, ठिणगी पाडणाऱ्या चार कॉइलांकडे जाते आणि इंजिनाच्या पुढच्या टोकाला असलेला टायमर कोणत्या सिलिंडरची पाळी आहे ते ठरवतो. बॅटरी नसली तरी गाडी चालते.

तिसरे काम वंगणाचे. मॉडेल टीला ऑइल पंपच नाही. फ्लायव्हीलचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो; फिरताना तो तेल उधळतो, त्यातले थोडे एका नळीच्या फुगीर तोंडात पडते, नळी ते तेल उतारावरून इंजिनाच्या पुढच्या टोकाला नेऊन सोडते, आणि तिथून मागे परत येताना ते कनेक्टिंग रॉडांखालच्या खळग्यांत साचते व रॉड ते शिंपडत राहतात.

चौथे काम मला सर्वांत देखणे वाटते. फ्लायव्हीलच्या मागच्या तोंडातून तीन पोलादी खुंट्या निघतात आणि प्रत्येक खुंटीवर एकाला एक जोडलेल्या तीन दातेरी चाकांचा जुडगा सैल फिरतो. म्हणजे फ्लायव्हील हाच गियरबॉक्सचा पहिला भाग आहे. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे हे तीन जुडगे मधल्या चाकांभोवती फिरतात. मधली चाके तीन: एक मागच्या चाकांकडे ताकद नेणारे, दुसरे हळू गतीच्या ढोलाचे, तिसरे रिव्हर्सच्या ढोलाचे. ढोलांभोवती कापडी अस्तर लावलेले पोलादी पट्टे आहेत. पायाने पेडल दाबले की पट्टा ढोलाला आवळतो, ढोल थांबतो आणि गियर पडतो. दाते एकमेकांत घालायचे किंवा सोडवायचे नसतात, ते कायम अडकलेलेच असतात. 1908 सालच्या नव्या चालकाला गियर टाकताना दातांचा खडखडाट ऐकावा लागत नसे, याचे कारण हेच.

दोष पुष्कळ आहेत, त्यांच्याबद्दल पुढे बोलूच. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

बीडकाम

चांगला धागा आहे. माझी तीस वर्षे कोल्हापूरकडच्या ओतशाळांत गेली असल्यामुळे आपण इंजिनाचा ब्लॉक दोन वाक्यांत उरकलात याची थोडी रुखरुख लागली. मॉडेल टीच्या काळात बरेच कारखानदार सिलिंडर एकेक किंवा दोन-दोनच्या जोडीने ओतत आणि नंतर ते क्रँककेसवर बोल्टने बसवत. फोर्डने चारही सिलिंडर आणि क्रँककेसचा वरचा भाग बिडाच्या एकाच ओतकामात घेतला. ओतणाऱ्याच्या दृष्टीने हे धाडस आहे. चार सिलिंडरांचे गाभे (म्हणजे ओतताना पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे), पाण्याच्या पोकळीचे गाभे, झडपांच्या वाटा, सगळे एका साच्यात सरळ बसले पाहिजे, आणि एका कोपऱ्यात वाळू ढासळली किंवा वायू अडकून छिद्र पडले तर एक सिलिंडर नव्हे, अख्खे इंजिन भंगारात जाते.

हे धाडस परवडले ते वरचे झाकण, म्हणजे सिलिंडर हेड, वेगळे केल्यामुळे. हेड ब्लॉकलाच जोडून ओतले तर सिलिंडर एका बाजूने बंद विहिरीसारखा होतो. गाभा एकाच टोकाने धरावा लागतो, बोरिंगचे हत्यार तळाशी जाऊन थांबते आणि झडपेची बैठक कुठून तरी आडून घासावी लागते. हेड सुटे केले की सिलिंडर आरपार नळी होते. गाभ्याला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, हत्यार आरपार जाते, आणि वरचा पृष्ठभाग एकदाच सपाट करून चारही सिलिंडर एका दमात बोअर करता येतात. लोक म्हणत की सांध्यातून पाणी गळेल आणि दाब सुटेल. तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस घातलेल्या गॅस्केटने ते प्रकरण बऱ्यापैकी निभावले. गिऱ्हाइकाचाही यात फायदा झाला, कारण काजळी साचली की शेतकरी स्वतःच बोल्ट सोडून हेड उचले, खरवडे आणि परत बसवे.

बेअरिंगांबद्दलही लिहायला हवे. क्रँकशाफ्टला आधार तीनच, आणि तो शाफ्ट आजच्या नजरेला अगदी किरकोळ वाटतो. त्याची जाडी सव्वा इंच आहे. आजच्यासारखी आयती, बदलायची बेअरिंगे त्यात नाहीत. वितळलेला पांढरा धातू, ज्याला आम्ही व्हाइट मेटल म्हणतो आणि तिकडे बॅबिट म्हणतात, तो थेट ब्लॉकमध्ये ओतून बेअरिंग तयार करीत. मी जुन्या ऑइल इंजिनांची अशी बेअरिंगे भरलेली आहेत. शाफ्टला निळा रंग अगदी पातळ पुसायचा, बेअरिंगात ठेवून एक फेरी द्यायची, उचलायचा, आणि जिथे निळा ठिपका उमटला तिथेच खरवडीने केसभर धातू काढायचा. सगळीकडे सारखे ठिपके येईपर्यंत हे दिवसभर चालते. सुरुवातीला ठिपके तीन-चारच दिसतात, संध्याकाळपर्यंत सगळे बेअरिंग निळ्या पुरळाने भरून जाते, आणि मग मेस्त्री मान डोलावतो. मॉडेल टीच्या रॉडचे बेअरिंग सैल झाले की टोपीच्या कडा कानशीने थोड्या घासून ती पुन्हा आवळत, हे मला वाचताच पटले, कारण आमच्याकडेही हेच करीत.

गणितवेडी

धागाकर्त्याने गियरचे वर्णन केले पण दाते मोजले नाहीत, म्हणून ते काम मी करते.

फ्लायव्हीलवरच्या जुडग्यातल्या तीन चाकांना 27, 33 आणि 24 दाते आहेत. त्यांच्याशी अडकलेली मधली चाके अनुक्रमे अशी आहेत: मागच्या चाकांकडे जाणारे 27 दात्यांचे, हळू गतीच्या ढोलाचे 21 दात्यांचे आणि रिव्हर्सच्या ढोलाचे 30 दात्यांचे. प्रत्येक जोडीची बेरीज 54 येते. ती तशी यायलाच हवी, कारण तिन्ही जोड्यांच्या आसांमधले अंतर एकच आहे.

आता आपण फ्लायव्हीलवर बसून पाहत आहोत असे समजावे. हळू गतीचा ढोल पट्ट्याने धरलेला आहे, म्हणजे आपल्या दृष्टीने तो उलटा एक फेरी मारतो. त्याचे 21 दाते जुडग्याच्या 33 दात्यांना फिरवतात, म्हणून जुडगा 21/33 फेरी सुलटा फिरतो. जुडग्याचे 27 दाते मधल्या 27 दात्यांना तेवढेच उलटे फिरवतात. म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारे चाक आपल्या दृष्टीने 21/33 म्हणजे 7/11 फेरी मागे पडते. फ्लायव्हीलवरून खाली उतरून पाहिले, तर आपण स्वतः एक फेरी पुढे गेलेलो असतो. म्हणून 1 वजा 7/11, म्हणजे 4/11. इंजिनाच्या 11 फेऱ्यांना बाहेर 4 फेऱ्या मिळतात आणि प्रमाण 2.75 येते.

रिव्हर्सचा ढोल धरला तर 30/24, म्हणजे सव्वा. 1 वजा सव्वा बरोबर उणे पाव. चार फेऱ्यांना एक फेरी, आणि तीही उलटी! उणे चिन्ह हेच रिव्हर्स गियर आहे. उलट फिरवण्यासाठी वेगळे चाक मध्ये घालावे लागत नाही. सव्वा हा आकडा एकापेक्षा मोठा आहे, एवढ्यावरच गाडी मागे जाते. मला हे शाळेत कोणी दाखवले असते तर अपूर्णांकांची धास्ती वाटली नसती.

मागच्या आसावर 40 आणि 11 दात्यांची जोडी आहे, म्हणजे 3.64 चे प्रमाण. 30 इंची चाक धरले तर वरच्या गियरमध्ये इंजिनाच्या 1600 फेऱ्यांना ताशी 63 किलोमीटरच्या आसपास वेग येतो. ही गाडी ताशी 40 ते 45 मैल जात असे असे जे लिहिलेले आढळते, त्याच्याशी हे जुळते. खालच्या गियरमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना ताशी 23 किलोमीटर. मध्ये काहीच नाही. चढ वरच्या गियरला थोडासाच जड असला, तर चालकाची पंचाईतच होत असणार.

उलटा पाना

@गणितवेडी, फ्लायव्हीलवर बसवून आणलेत, आभारी आहे. 'मध्ये काहीच नाही' ही तक्रार त्या काळीही होती, आणि म्हणूनच दोन गतींमधली तिसरी गती देणारे जोडगियर बाहेरचे कारखाने बनवून विकत.

@बीडकाम, ब्लॉकबद्दलची कानउघाडणी मान्य आहे.

पॅनहार्डप्रेमी

सर्वांच्या उत्साहावर थोडे पाणी शिंपडतो, राग नसावा. प्लॅनेटरी गियर फोर्डचा शोध नाही. त्याच्या 1903 च्या मॉडेल ए पासून मॉडेल एन पर्यंतच्या गाड्यांत तो होता, आणि अमेरिकेतल्या इतर स्वस्त गाड्यांतही होता. युरोपात मात्र पॅनहार्ड-लव्हासोरच्या वळणाचा सरकत्या चाकांचा गियरबॉक्स रुळला, कारण त्यात तीन-चार गती देता येत. दाते खडखडतात ही त्याची किंमत होती. पुढे सगळ्या जगाने तोच घेतला. शिवाय आपण वर्णन करता ती गाडी पहिल्या दिवसापासून तशी नव्हती. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पाण्याचा पंप होता, तो नंतर काढला. अगदी सुरुवातीच्या काही शे गाड्यांत तीनऐवजी दोन पेडल आणि दोन दांडे होते. तेव्हा फळ्यावर खडूने काढलेली कल्पना जशीच्या तशी रस्त्यावर आली, ही कथा थोडी जपून सांगावी.

व्हॅनेडियम पोलादाबद्दल आपण लिहिले नाही हे बरे केले. शर्यतीत फुटलेल्या फ्रेंच गाडीचा तुकडा उचलला आणि त्यातून हे पोलाद सापडले, ही गोष्ट फोर्डने स्वतःच सांगितलेली आहे, आणि स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टी किती पारखून घ्यायच्या हे आपण जाणतोच.

उलटा पाना

@पॅनहार्डप्रेमी, राग कसला? दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. पण पंप काढून टाकला ही गोष्ट माझ्याच म्हणण्याला धरून आहे. रेडिएटर इंजिनापेक्षा उंच ठेवला, वरची नळी जाड घेतली, आणि तापलेले पाणी आपोआप वर चढून थंड पाणी खालून आत येऊ लागले. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबातही तळाचे पाणी असेच तापून वर जाते. मोठ्या चढावर रेडिएटर उकळायचा, हे खरे आहे. पण पंप नाही म्हणजे पंपाचे बेअरिंग नाही, पॅकिंग नाही आणि तिथली गळतीही नाही.

व्हॅनेडियमची गोष्ट बाजूला ठेवली तरी पोलाद खरे आहे. ओहायोतल्या कँटन गावच्या गिरणीने ते फोर्डसाठी वितळवून दिले. क्रँकशाफ्ट, आस, पाटे आणि गियर त्याचे बनले. सगळ्या गाडीचे वजन 1,200 पौंड, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आत राहिले ते याच पोलादामुळे, आणि 20 अश्वशक्ती पुरली ती वजन कमी राहिल्यामुळे.

आणखी एक योगायोग पाहा. 1913 मध्ये हायलँड पार्कला सरकत्या जुळणीचा पहिला प्रयोग झाला तो याच फ्लायव्हील मॅग्नेटोवर. आधी एक कामगार अख्खा मॅग्नेटो 20 मिनिटांत जोडत असे. काम 29 जणांत वाटून दिल्यावर तो 13 मिनिटे 10 सेकंदांवर आला. पट्टा आठ इंच वर उचलल्यावर, म्हणजे माणसांना वाकावे लागेनासे झाल्यावर, 7 मिनिटे लागू लागली, आणि पट्ट्याचा वेग नीट बसवल्यावर 5. अर्थात हा धागा कारखान्याचा नव्हे, म्हणून इथेच थांबतो.

वळणाचा रस्ता

मला एक साधा प्रश्न आहे. पेट्रोलचा पंप कुठे आहे? मी कुठेतरी वाचले होते की या गाड्या चढावर उलट्या नेत. ही थट्टा आहे की खरे?

उलटा पाना

खरे आहे. पंप नाहीच. टाकी पुढच्या आसनाखाली आहे आणि पेट्रोल उतारावरून कार्बुरेटरकडे वाहत जाते. चढावर गाडीचे नाक वर झाले आणि टाकीत पेट्रोल थोडेच उरलेले असले, की कार्बुरेटर टाकीपेक्षा उंचावर जातो आणि इंजिन बंद पडते. गाडी वळवून मागे तोंड करून चढवली की टाकी वर येते. शिवाय गणितवेडीताईंनी दाखवले तसे रिव्हर्सचे प्रमाण 4 आहे आणि खालच्या गियरचे 2.75, त्यामुळे उलट्या गाडीला ओढही जास्त मिळते. पेट्रोल मोजायचे असेल तर आसन उचलून टाकीत काठी बुडवत.

चढाचा आणखी एक तोटा आहे. नाक वर झाले की नळीतले तेल पुढे पोहोचत नाही आणि सर्वांत पुढचा रॉड कोरडा पडतो. त्यासाठी बाहेरून लावायची जास्तीची तेलनळी विकत मिळे. ती लावणारे शहाणे, न लावणारे बीडकाम यांच्यासारख्या मेस्त्रींचे गिऱ्हाईक.

माळावरची वाट

मी शेतकरी आहे, इंजिनातले जेमतेम कळते. पण या गाडीच्या खालच्या रचनेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. तिला पुढे एक आणि मागे एक असे दोनच पाटे आहेत, आणि तेही आडवे, आसाला समांतर. पुढच्या आसाला एक त्रिकोणी दांडा आहे. त्याचे टोक इंजिनाच्या खाली एका गोळ्यात फिरते. मागच्या आसाकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टची नळीही अशीच पुढे येऊन गियरबॉक्सच्या मागे एका गोळ्यात बसते. म्हणजे आस एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली असा हवा तेवढा कलू शकतो आणि चौकटीला पीळ बसत नाही. इंजिनही चौकटीत तीनच ठिकाणी धरलेले आहे.

तिवई कशाही जमिनीवर ठेवली तरी डुगडुगत नाही, चार पायांची खुर्ची डुगडुगते. एवढेच तत्त्व आहे. अमेरिकेतल्या खेड्यांतले रस्ते त्या काळी बैलगाडीच्या चाकोरीसारखेच होते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे ढेकळावर ही रोजची गोष्ट. त्यातच गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे 10 इंच उंच. नांगरलेल्या रानातून जाणाऱ्या गाडीला अजून काय हवे? मागचे एक चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवत आणि करवत किंवा पाण्याचा पंप चालवत, हे वाचल्यावर मला आमच्या विहिरीवरचे जुने इंजिन आठवले.

मिशिगनकर

मी काही वर्षांपासून मिशिगनमध्ये राहतो. इथे मॉडेल टी चालवायला शिकवणारा एक वर्ग मी मागच्या उन्हाळ्यात केला, म्हणून पायांना काय वाटते ते सांगतो.

आधी हँडल. हाताचा ब्रेक पूर्ण मागे ओढायचा. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा छोटा दांडा ठिणगीचा असतो, तो वर सरकवायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. उजवा दांडा पेट्रोलचा, तो थोडा खाली. मग पुढे जाऊन हँडल डाव्या हाताने धरायचे आणि अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा विळखा घालायचा नाही. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली कधीच दाबायचे नाही. ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देते, आणि अंगठा विळख्यात असेल तर मनगट मोडते. शिकवणाऱ्या आजोबांनी हे तीनदा सांगितले आणि चौथ्यांदा माझा अंगठा स्वतः उचलून बाजूला ठेवला. शेतातल्या डिझेल इंजिनाला हँडल मारलेल्या माणसाला हे नवे नाही, पण मी शहरातला.

इंजिन लागले की लाकडी पेटीतल्या कॉइलांची गुणगुण ऐकू येते, मधमाश्या डब्यात कोंडल्यासारखी. ठिणगीचा दांडा खाली ओढला की खडबडीत आवाज एकदम सुरळीत होतो. तो दांडा कुठवर ओढायचा हे कानाने ठरवायचे.

आता पेडल. त्यांच्यावर सी, आर आणि बी अशी अक्षरे कोरलेली आहेत. डावे पेडल पूर्ण दाबले की खालचा गियर, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडून दिले की वरचा गियर. मधले रिव्हर्स आणि उजवे ब्रेक. ॲक्सिलरेटर पायाला नाहीच, तो हातात. माझ्या डाव्या पायाला वीस वर्षे एकच गोष्ट माहीत: अडचण आली की क्लच तळापर्यंत दाबायचा. पुढे एक कुंपण आले, मी सवयीने डावा पाय तळापर्यंत दाबला, आणि गाडी थांबण्याऐवजी खालच्या गियरमध्ये जोर करून कुंपणाकडे निघाली! आजोबांनी शांतपणे हाताचा ब्रेक मागे ओढला. तो दांडा मागच्या चाकांचे ब्रेकही लावतो आणि त्याच वेळी गाडी न्यूट्रलही करतो, म्हणून मी इथे लिहितो आहे.

एक गंमत मात्र नंतर कळली. कुशल चालक मधले रिव्हर्सचे पेडलही ब्रेकसारखे हलकेच दाबत, म्हणजे झीज तिन्ही पट्ट्यांत वाटली जाई. चिखलात रुतलेली गाडी खालचा गियर आणि रिव्हर्स आलटून-पालटून दाबत झुलवून बाहेर काढता येते. सरकत्या दात्यांच्या गियरबॉक्सला हे जमले नसते, @पॅनहार्डप्रेमी!

पॅनहार्डप्रेमी

हा मुद्दा बिनशर्त मान्य.

वळणाचा रस्ता

गाडी थंडीत सुरू होताना स्वतःहून पुढे सरकते असे म्हणतात, ते का? आणि आपल्याकडे या गाड्या कुठून येत, तेही कोणी सांगावे.

उलटा पाना

पहिल्याचे उत्तर वंगणात आहे. वरच्या गियरचा क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या पंचवीसच्या आसपास पोलादी चकत्या. थंडीत तेल घट्ट झाले की न्यूट्रलमध्येही त्या एकमेकींना चिकटून राहतात, आणि हँडल मारणाऱ्यालाच गाडी पुढे ढकलू लागते. म्हणून कडाक्याच्या थंडीत मागचे एक चाक जॅकवर उचलून मगच हँडल मारत. तेल एकच असण्याचा हा तोटा. इंजिन, क्लच, पट्टे आणि मॅग्नेटो सगळे एकाच तेलात आहेत, आणि पट्ट्यांच्या अस्तराचे सुटलेले धागे त्याच तेलातून जाऊन कधीकधी वंगणाची नळी तुंबवतात.

दुसऱ्याचे उत्तर: ब्रिटन सोडून बाकी साम्राज्याला फोर्डच्या गाड्या कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडून जात, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. मुंबईत फोर्डची भारतीय कंपनी 1926 मध्ये निघाली, तेव्हा मॉडेल टीचे शेवटचे वर्ष जवळ आले होते.

गणितवेडी

ब्रेकबद्दल अजून शंका आहे. पायाचा ब्रेक गियरबॉक्सच्या आतल्या ढोलाला आवळतो असे वरून दिसते. मग ढोल आणि चाक यांच्यामध्ये कुठेही काही तुटले, तर पाय कितीही दाबला तरी चाकाला काय कळणार?

बीडकाम

नेमके बोट ठेवलेत. काहीच कळणार नाही. पायाच्या ब्रेकची ताकद शाफ्टमधून, मागच्या 40 आणि 11 दात्यांच्या जोडीतून चाकांपर्यंत जाते. ती जोडी एकमेकींपासून सरकू नये म्हणून आत दाब झेलणाऱ्या चकत्या आहेत, आणि फोर्डने त्याही बॅबिटच्याच केल्या होत्या. धातू मऊ. वर्षानुवर्षे तेल आणि हादरे खाऊन तो ढेपाळतो, भेगाळतो आणि एक दिवस त्याचा चुरा होतो. मोठे दातेरी चाक बाजूला सरकते, दाते सुटतात, आणि उतारावर ताकदही जाते आणि पायाचा ब्रेकही जातो. उरतो तो हाताचा दांडा; तो थेट मागच्या चाकांच्या ढोलांवर चालतो, पण त्याचे बिडाचे जोडे गाडी उभी ठेवण्यापुरतेच. पुढच्या चाकांना ब्रेक नाहीतच. इंजिनाच्या बेअरिंगला बॅबिट योग्य, कारण तिथे तो शाफ्टला जपतो आणि स्वतः झिजतो. आसात तोच धातू घालणे ही माझ्या मते या गाडीच्या रचनेतली सर्वांत मोठी चूक आहे.

मिशिगनकर

@बीडकाम, इथे जुनी मॉडेल टी विकत घेणारे लोक रंगरंगोटीच्या आधी मागचा आस उघडतात आणि बॅबिटच्या चकत्या काढून ब्राँझच्या घालतात. वर्गाच्या शेवटी मी आजोबांना विचारले की ज्या गाडीतून आपण दुपारभर उतारावरून हिंडलो तिच्यात कोणत्या आहेत. त्यांनी खिशातून राखाडी, दोन तुकडे झालेली एक चकती काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, ही गेल्या हिवाळ्यापर्यंत तिच्यात होती.